शार्दूलविक्रीडिताला चार थेंब

एसी बंद केला की घराला आवाज फुटतो. आठ महिने जो एकसुरी घुमारा आपण शांतता समजून चाललेलो असतो, तो नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी थांबतो, आणि मग ऐकू येऊ लागतात समोरच्या गच्चीवरची कबुतरे, खालच्या गल्लीत शटर वर ढकलणारा दुकानदार, रोल्लाच्या चौकात एकमेकांवर खेकसणाऱ्या टॅक्सी, आणि आपल्याच स्वयंपाकघरातला तो नळ, जो बहुधा मे महिन्यापासून ठिबकत असावा. शारजात थंडी अंगाला लागण्याआधी कानांना लागते.

आज सकाळी ती अशी कानांना लागली, आणि मला आठवणीतून ऐकू आला तो एक वेगळाच आवाज: पितळेची रिकामी पुंगळी सिमेंटवर पडून घरंगळत जाते, त्याचा. पैंजणातले एखादे घुंगरू सुटून पडावे तसा, हलका आणि जरा निष्काळजी. दोन वर्षांपूर्वीचा अख्खा हिवाळा मी तो आवाज ऐकण्यात घालवला. त्या हिवाळ्यात आम्ही तीन बंदुकांची तुलना करत होतो.

हे वाक्य लिहिताना माझे मलाच हसू येते. मी वृत्ते शिकत वाढलेली बाई. माझ्या वडिलांनी मला पाढ्यांच्या आधी गण शिकवले. य-र-त-न-भ-ज-स-म म्हणत मी वेणी घालून घेत असे. ती मी, वाळवंटाच्या काठावरच्या एका नेमबाजी क्लबात, कानांवर भलेमोठे पिवळे झापड चढवून, रायफलीच्या गुणदोषांवर भांडत होते. आमची सई तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती एकदाच आमच्याबरोबर आली, गाडीतून उतरलीच नाही, आणि काच अर्धी खाली करून म्हणाली, “आई, नॉर्मल पीपल गो टू द मॉल.”

आम्हाला नॉर्मल लोकांतून उठवले ते फिलूताईंनी. फिलोमिना मूळच्या वसईच्या. दुबईतल्या एका हॉटेलात चादरी, टॉवेल आणि गणवेश यांच्या मुख्य. माझे यजमान माधव दुबईच्याच इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात प्लास्टिकचे हँगर तपासण्याचे काम करतात. हँगरचे दोन खोके मोडके निघाले म्हणून फिलूताईंनी कारखान्यात फोन लावला आणि हिंदीत भांडायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला माधवरावांनी ओळखले की ही हिंदी विरारच्या अलीकडची आहे. भांडण मराठीत आले, तिथेच मिटले, आणि पुढच्या शुक्रवारी फिलूताई आमच्याकडे जेवायला आल्या. त्यांच्या पर्समध्ये क्लबाची अर्ध्या दरातली तीन कूपने होती, हॉटेलच्या पाहुण्यांनी न वापरलेली. कूपन वाया घालवणे हे त्यांच्या धर्मात आणि आमच्या धर्मात सारखेच पाप आहे.

असे चार हिवाळे झाले. शुक्रवारी संध्याकाळी त्या बसने रोल्लाला यायच्या, सईच्या खोलीत झोपायच्या, आणि शनिवारी सकाळी आम्ही तिघे निघायचो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाने काळसर झालेली वाळू, मधूनच एखादे घाफचे झाड, आणि गाडीत कडक चहाचे तीन कागदी पेले. क्लबात शिरले की नाकाला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचे अंगण भेटे: जळलेल्या दारूचा तो शिळा, गोडसर, किंचित उदास वास.

पहिल्या दिवशी फिलूताईंनी बंदूक हातात घेतली तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला होता. त्यांच्या वडिलांची छऱ्यांची बंदूक वसईच्या घरात भिंतीवर टांगलेली असे. भाऊ तिने कावळे उडवायचा. फिलूने हात लावला की तो म्हणायचा, पोरींना नेम नसतो. बंदूक पुढे गंजून गेली, खिळा राहिला, आणि ते वाक्यही राहिले. आता मार्चमध्ये त्यांची साठी, व्हिसा खलास, कायमचे वसईला परतणे. जानेवारीच्या शेवटी क्लबात बायकांची स्पर्धा होती. तीन वर्षे त्या तिच्यात उतरल्या होत्या, तीनही वर्षे त्यांचे नाव यादीच्या तळाशी होते. हा चौथा आणि अखेरचा हिवाळा. भावाच्या पुढ्यात ठेवता येईल असे काहीतरी त्यांना घेऊन जायचे होते.

स्पर्धेचा नियम असा की बंदूक क्लबाचीच, पण कोणती ते प्रत्येकीने दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारपर्यंत लिहून द्यायचे. मग बदल नाही. म्हणून तुलना. माधवरावांना एवढे निमित्त पुरले. त्यांनी वहीत तीन रकाने पाडले: भरवसा, अचूकता, मोल.

तिन्ही रायफली एकाच कुळातल्या, पॉइंट टू-टूच्या, करंगळीच्या एका पेराएवढे काडतूस खाणाऱ्या. या काडतुसाचा स्फोटक जीव त्याच्या बुडाच्या कडेत असतो. कडेवर ठोका बसला की बार उडतो. त्याच धक्क्याने आतला पोलादी बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि परत येताना नवे काडतूस पुढे ढकलतो. तुम्ही फक्त चाप ओढायचा. म्हणजे एक चरण संपताना दुसऱ्याची तयारी आपोआप होते. हे मला इतके ओळखीचे वाटले की मी तिघींना नावे देऊन टाकली.

लाकडी दस्त्याची, जुनी, हलकी, ती ओवी. तिला कुठलेही काडतूस चाले, कुणाचाही खांदा चाले, ती कधी अडत नसे. मात्र तिच्या गोळ्या कागदावर ओवीच्या चौथ्या चरणासारख्या, कधी आखूड, कधी लांब. दुसरी काळी, प्लास्टिकच्या अंगाची, जिला जागोजागी स्क्रू होते आणि प्रत्येक स्क्रू फिरवण्याचे स्वातंत्र्य होते, ती मुक्तछंद. तिच्यातून गोळी सुटली की काहीतरी मोठे घडल्याचा भास होई. नेमके काय, ते कागदापाशी जाऊनही कळत नसे. आणि तिसरी लांब, जड नळीची, अक्रोडी दस्त्याची, गंभीर. ती शार्दूलविक्रीडित. तिची गोळी जिथे पाहिले तिथेच जाई. या नावांना माधवरावांचा विरोध होता. वहीत ते अ, ब, क असेच लिहीत. पण डिसेंबरापर्यंत त्यांच्याही तोंडून निघून गेले, “आज शार्दूलची तब्येत बरी नाही.”

मोलाच्या रकान्यावरून मोठी गंमत झाली. तिथले उस्ताद खानसाहेब, पेशावरकडचे, फौजेत शस्त्रे दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे घातलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. माधवरावांनी त्यांना प्रत्येक बंदुकीची किंमत विचारली. त्यांनी अदबीने सांगितले, “साहब, ये बिकाऊ नहीं हैं.” माधवराव म्हणाले, विकत घ्यायची नाहीच, पण किंमत कळल्याशिवाय तुलना पुरी कशी होणार. खानसाहेबांनी शार्दूलचा एक अंदाजी आकडा दिला. “अडीच हजार दिरहम,” माधवराव मोठ्याने म्हणाले, “म्हणजे साठ हजार रुपये,” आणि असे समाधानाने हसले की जणू साठ हजार वाचले. खानसाहेबांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. त्या क्षणी आमची दोघांची मैत्री झाली.

भरवशाचा रकाना मात्र हळूहळू रहस्यकथा होऊ लागला. ऑक्टोबरात शार्दूल एकदाही अडली नाही. नोव्हेंबरात एकदा. डिसेंबरात दर शनिवारी तीनचारदा. पुंगळी पूर्ण बाहेर पडायच्या ऐवजी दारातच उभी अडकायची, दारात पाहुणा चप्पल घालता घालता पुन्हा बोलत उभा राहतो तशी. मी त्याला यतिभंग म्हणत असे. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर थांबायचे असते. ही तिसऱ्यावरच थांबे. माधवरावांनी लाल डबीतली काडतुसे बदलून निळ्या डबीतली घेतली, मग हिरव्या. त्यांनी हवेतला दमटपणा नोंदवला. एक विचित्र गोष्ट त्यांना सापडली: दहाबारा गोळ्या झाल्या की ती शहाण्यासारखी वागू लागे, आणि एकदा दुपारी गेलो तेव्हा तर मुळीच अडली नाही. त्यांनी वहीत लिहिले, ‘क: सकाळी आळशी’. मी वाचून म्हटले, अहो, हे तर सईचेही वर्णन आहे.

मला दुसरेच काही जाणवत होते, पण मी त्याला पुरावा मानले नाही. शार्दूल तापली की एक वास येई. जळल्या दारूच्या खालून, फार खालून, एक ऊबदार, स्निग्ध वास, जो मला थेट रविवारच्या न्हाणीघरात नेई. मला वाटे, फिलूताईंच्या केसांचा. त्या शेजारीच असत. वासांच्या बाबतीत मी माझ्या नाकावर एरवी डोळे झाकून विश्वास ठेवते. त्या हिवाळ्यात नेमका ठेवला नाही.

आणि खरे तर मला सगळे ठाऊक होते. ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी, उन्हाचा ताव अजून उतरला नव्हता तेव्हा, शार्दूलचा बोल्ट कुरकुरत होता. खानसाहेब चहाला गेले होते. फिलूताईंनी पर्समधून खोबरेलाची चपटी बाटली काढली आणि उघड्या बोल्टवर चार थेंब सोडले. मी ओढणी पसरून आडोसा धरला. “बाय, केस असो, बिजागरी असो, खोबरेल सगळ्याला चालतं,” त्या म्हणाल्या. कुरकुर थांबली. मग दर शनिवारी चार थेंब. शनिवारी तेल वाहण्याचा आमच्याकडचा रिवाज एका ख्रिस्ती बाईने इतक्या निष्ठेने चालवावा, याचे मला कौतुकच वाटत राहिले. कौतुकाने माणूस आंधळा होतो.

गुरुवार जवळ आला. बुधवारी रात्री जेवताना माधवरावांनी वही उघडून निकाल वाचला: भरवसा ओवीचा, अचूकता शार्दूलची, मोलाच्या दृष्टीने पुन्हा ओवीच. दोन विरुद्ध एक. फिलूताई फोनवर होत्या. फोन मीठदाणीला टेकवून ठेवलेला. माधवराव त्यांना समजावत होते की दोन मिनिटांत दहा गोळ्या, अशा दोन फेऱ्या. बंदूक अडली तरी घड्याळ थांबत नाही. ओवी घ्या, दहाच्या दहा सुटतील. फिलूताईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “माधवभाऊ, सव्वीस वर्षं मी भरवशाचीच होते. एक चादर कमी नाय पडली. आता एकदा मला अचूक होऊ द्या.”

माधवरावांनी वही मिटली. त्यांनी वही अशी वादाशिवाय मिटल्याचे मला तरी दुसरे उदाहरण आठवत नाही.

स्पर्धेच्या सकाळी धुके इतके दाट होते की गाडीपुढचा रस्ता आम्हाला हप्त्याहप्त्याने मिळत होता. क्लबात सगळ्यांच्या तोंडून वाफा निघत होत्या. नऊ बायका, पंचवीस मीटरवर नऊ पांढरे कागद. मीही उतरले होते; माझी बंदूक ओवी. माझ्या नेमबाजीविषयी इथे एवढेच पुरे की शेजारच्या बाईच्या कागदावर एक भोक जास्त निघाले. फिलूताईंनी क्रुसाची खूण केली आणि शार्दूल खांद्याला लावली. एक. दोन. तीन, आणि पुंगळी दारात उभी. त्यांनी ती बोटाने काढली. चार, आणि पुन्हा. सिमेंटवरचे घुंगरू सगळीकडे वाजत होते, फक्त त्यांच्या पायाशी नाही. दोन मिनिटे संपली तेव्हा त्यांच्या सहा गोळ्या सुटल्या होत्या. सहाही काळ्या वर्तुळात, एकमेकींलगत. पण चार उरल्या त्या उरल्याच.

खानसाहेब आले, बोल्ट मागे ओढून आत पाहिले, आणि बोटाने काहीतरी खरवडून उजेडाकडे धरले. पांढरे, मऊ, दाणेदार. “ये मोम कहाँ से आया?” ते स्वतःशीच म्हणाले. या गोळ्यांना मेणाचा हात असतो; त्यांना वाटले, हिरव्या डबीचे मेण. मी त्यांच्या बोटाकडे पाहिले. हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिले होते: थंडीच्या सकाळी, न्हाणीघराच्या कोनाड्यात, बाटलीच्या आत, पांढरे, गोठलेले, काडीने टोकरूनही न येणारे. आम्ही दोघी जन्मभर दर थंडीत ती बाटली उन्हात ठेवणाऱ्या, गरम पाण्याच्या तांब्यात बुडवणाऱ्या बायका. एकीच्याही डोक्यात आले नाही की जे बाटलीत गोठते, ते बंदुकीतही गोठेल.

मी फिलूताईंना कोपऱ्यात ओढले आणि कानाशी सांगितले. त्यांचा चेहरा धुक्यापेक्षा पांढरा झाला. आम्ही गप्प राहिलो असतो तर दोष काडतुसांवर गेला असता. आणि क्लबाच्या शस्त्राला परस्पर हात लावणाऱ्याला उस्ताद तिथल्या तिथे घरी पाठवू शकत. मी म्हटले, खानसाहेबांना सांगून टाकू या. त्या पुटपुटल्या, “कन्फेशन चर्चमध्ये करतात बाय, इथं नाय.” मग त्यांनी भिंतीवरच्या यादीकडे पाहिले, शार्दूलकडे पाहिले, आणि सरळ खानसाहेबांपुढे जाऊन पर्समधली बाटली त्यांच्या हातात ठेवली.

खानसाहेबांनी बोट नाकाशी नेले. पुन्हा एकदा नेले. शेवटी विचारले, “मोहतरमा, ये बालों का तेल है?”

“जी,” फिलूताई म्हणाल्या. “हर शनिवार. चार बूंद.”

चाळीस वर्षे शस्त्रांना फक्त शस्त्रांचे तेल पाजणाऱ्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मिशा हलल्या. वाटले, आता खलास. त्यांनी खिशातून नियमांचा कागद काढला, चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचले. दोन फेऱ्यांच्या मध्ये बंदूक उघडून साफ करायला मनाई होती. ती बंदूक बदलायलाही मनाई होती. त्यांनी कागद घडी घालून परत खिशात ठेवला.

“साफ़ करना मना है,” ते म्हणाले. “धूप में रखना कहीं मना नहीं लिखा.”

धुके नुकतेच विरत होते. मोकळ्या मैदानाच्या कडेला एक लोखंडी टेबल होते, त्यावर पहिले पिवळे ऊन पडले होते. खानसाहेबांनी शार्दूल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून, स्वतः उचलून त्या उन्हात निजवली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. पाऊण तास. पापड वाळत घालून कावळ्यांवर नजर ठेवणाऱ्या बाईसारखे ते बसले होते. ऊन सरकले की ते बंदूक दोन बोटे सरकवत. काळे पोलाद हळूहळू कोमट झाले. आणि वास सुटला. धुके, ओली वाळू, चहा आणि खोबरेल. माझ्या शेजारी उभे असलेले माधवराव, ज्यांना एरवी करपलेली भाजीही वासाने कळत नाही, ते हळूच म्हणाले, “अगं, रविवारसारखं वाटतंय.” मग त्यांनी वही काढली आणि ‘सकाळी आळशी’ ही नोंद खोडली.

दुसरी फेरी. फिलूताईंनी केस मागे सारले, दस्त्याला गाल लावला. पहिले घुंगरू. दुसरे. तिसरे. मी अक्षरे मोजत होते. चौथे, पाचवे, सहावे, सातवे. कुठेही यतिभंग नाही. दहावे सिमेंटवर पडून घरंगळत माझ्या चपलेपाशी आले तेव्हा घड्याळात अजून वीस सेकंद होती. फिलूताईंनी शार्दूल खाली ठेवली आणि तिच्याकडे, चांगल्या धुतलेल्या चादरीकडे पाहावे तसे पाहिले.

बक्षीस मिळाले नाही. सोळाच गोळ्या मोजल्या गेल्या; नऊ जणींत त्या पाचव्या. पण दुसऱ्या फेरीचा कागद खानसाहेबांनी स्वतः आणून दिला. खिशातून दिरहमचे नाणे काढून त्यांनी मधोमध ठेवले, आणि दहाच्या दहा भोके त्याखाली गेली. “नाणं मी ठेवू?” असे फिलूताईंनी खुणेनेच विचारले. खानसाहेबांनी मान डोलावली. माधवरावांनी, मी डोळे वटारले म्हणून, या वेळी रुपये सांगितले नाहीत.

गेल्या वर्षी मोसम उघडला तेव्हा क्लबाच्या भिंतीवर नवी पाटी होती: शस्त्रांना बाहेरचे तेल लावू नये. अरबीत, इंग्रजीत, उर्दूत. खानसाहेबांनी मला कागद-पेन देऊन सांगितले, चौथी ओळ तुमच्या भाषेत लिहा. मी म्हटले, इथे मराठी वाचणारे असे कितीसे येतात. ते म्हणाले, “ग़लती मराठी में हुई थी.” मी लिहिली. शार्दूलविक्रीडितात बसवायचा मोह फार झाला, पण सूचनेला अलंकार शोभत नाहीत.

वसईला गेल्यावर फिलूताई पुष्कळ दिवस गप्प होत्या. मग एके दिवशी फोनवर फोटो आला. भिंतीवरच्या त्या जुन्या खिळ्याला चौकटीत तो कागद. खाली त्यांचा आवाज, भरून ठेवलेला: “बाय, भावानं आधी विचारलं, कुणाचा हाय हा. मी सांगितलं. मग त्याला ते दिरहमचं नाणं दिलं. त्यानं चष्मा लावला, चौकट खाली उतरवली, नाणं ठेवलं. उचललं. परत ठेवलं. पाच वेळा ठेवलं बघ.  मग चौकट परत टांगायला शिडीवर तोच चढला.”

आज एसी बंद आहे. न्हाणीघरात बाटली हलवून पाहिली. आतले तेल हलले नाही. मी ती बाल्कनीत आणून उन्हाच्या पट्ट्यात ठेवली आहे, आणि शेजारी खुर्ची टाकून बसले आहे. सई कॉलेजला निघता निघता दारात थबकली आणि तिने विचारले, “आई, व्हॉट आर यू गार्डिंग?” ऊन जरा सरकले होते. मी बाटली दोन बोटे पुढे केली.